एक पेला पाण्याएवढा फरक

पत्र

ताई, मी अंबाजोगाईचा. वय २७, क्लासमध्ये गणित शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याने धारूरमार्गे कपिलधारपर्यंत पाठीवर सामान घेऊन चालत जायचं ठरवलंय. चार मुक्काम होतील. माझ्याकडे दोघांचा तंबू आहे, तो एकटाच साडेतीन किलोचा. म्हणून टार्प, म्हणजे तंबूऐवजी डोक्यावर ताणून बांधायचं हलकं जलरोधक कापड, घ्यायचं मनात आहे. वाचलं तेवढ्यावरून सगळ्यात हलका डायनीमा नावाच्या कापडाचा, पण बाहेरून मागवायचा तर सगळं धरून तीस हजारांच्या घरात जातो. सिलनायलॉन, सिलपॉली, सपाट, आकार दिलेला... वाचून वाचून डोकं चक्रावलंय. थोडं थांबून, पैसे साठवून डायनीमाच घ्यावा का? आणि आई म्हणते, चारी बाजूंनी उघड्या कापडाखाली झोपणार, मग साप-विंचवाचं काय? तिला काय सांगू?

उत्तर

डायनीमासाठी थांबू नकोस. आठ बाय दहा फुटांचा साधा सपाट सिलपॉलीचा, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेल्या पॉलिस्टरचा, टार्प घे. जे पैसे वाचतील त्यातून खाली तळ शिवलेली, चेन लावून पूर्ण बंद होणारी एका माणसाची मच्छरदाणी घे. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्या मच्छरदाणीत आहे, आणि तुझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा आईचा प्रश्न मोलाचा आहे. त्याच्याकडे येतेच.

तू गणिताचा माणूस, म्हणून आधी हिशेब मांडू. आठ बाय दहा फूट म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर कापड. सिलपॉलीचं टार्पचं कापड चौरस मीटरला पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतं. शिवणी, कडेच्या पट्ट्या आणि दोरीचे फास धरले की टार्प ४०० ग्रॅमच्या आसपास जातो. डायनीमाचं पातळ कापड चौरस मीटरला १८ ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे सगळं मिळून टार्प २०० ग्रॅमचा. फरक २०० ग्रॅमचा. एक पेला पाण्याएवढा.

आता हा पेला बालाघाटात ठेवून बघ. नोव्हेंबरात ओढे आटायला लागलेले असतात, काही ठिकाणी डबकी उरतात आणि त्यात जनावरं उतरलेली असतात. दोन वस्त्यांच्या मधल्या टप्प्यात तुला तीन-चार लिटर पाणी पाठीवर घ्यावंच लागेल. हलक्या टार्पबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक अशा देशांतून येतं, जिथे तासाभराच्या अंतरावर वाहता झरा भेटतो आणि माणूस लिटरभर पाण्यावर दिवस काढतो. तिथे २०० ग्रॅमसाठी जीव टाकणं समजू शकतं. मराठवाड्यात ओझं पाण्याचं असतं, कापडाचं नव्हे. तुझी खरी बचत तंबू घरी ठेवण्यात आहे. तो साडेतीन किलो. त्याच्या जागी टार्प ४००, तळाची मच्छरदाणी ५०० ते ६००, दोऱ्या आणि खुंट्या दीडशे-दोनशे ग्रॅम. हजार ते बाराशे ग्रॅममध्ये घर झालं. दोन किलोंहून जास्त वाचले, आणि तेवढ्यात दोन लिटर पाणी बसलं. ही बचत पहिल्याच दुपारी खांद्यांना कळेल.

कापडांचं थोडं नीट सांगते, कारण विकणारे सगळंच चांगलं म्हणतात. डायनीमाचं कापड विणलेलं नसतं. अतिशय मजबूत तंतू दोन पातळ पडद्यांच्या मध्ये चिकटवलेले असतात. हे कापड मुळात शर्यतीच्या बोटींच्या शिडांसाठी निघालं, पूर्वी त्याला क्यूबेन फायबर म्हणत. ते पाणी पीत नाही, ताणत नाही, आणि हे दोन्ही गुण मोठे आहेत. पण टोचणं आणि घासणं त्याला सहन होत नाही. आपल्याकडे जिथे बसावं तिथे बाभळीचा नाहीतर बोरीचा काटा. घाईत चुरगाळून कोंबण्याची सवय असेल तर घड्यांवर पडदा झिजतो. ज्याने शंभर रात्री टार्पखाली काढल्यात त्याने ते घ्यावं. पहिल्या टार्पसाठी नको.

सिलनायलॉन म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन. फाटायला फार चिवट, आणि बाजारात सहज मिळतं. त्याचा दोष मी एका रात्रीत शिकले. पाटोदा तालुक्यात सौताड्याच्या बाजूला, सप्टेंबरचा शेवट होता. संध्याकाळी टार्प ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून बांधला. रात्री रिमझिम सुरू झाली. दोनच्या सुमाराला पायांना गार लागलं म्हणून जाग आली, तर कापड पोट सुटल्यासारखं खाली आलेलं, मधल्या झोळात पाणी साचलेलं आणि माझी झोपायची पिशवी पायाशी भिजलेली. नायलॉन ओलं झालं की पाणी पितं आणि लांबतं, दोष बांधण्याचा नसतो. बॅटरीच्या उजेडात चिखलात फिरून सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागल्या. पॉलिस्टर इतकं लांबत नाही. तेवढ्याच जाडीचं सिलपॉली फाटण्याच्या ताकदीत नायलॉनपेक्षा थोडं कमी असतं हे खरं, पण आपल्या कामाला ते पुरतं, आणि मध्यरात्री उठावं लागत नाही. शिवाय पॉलिस्टर उन्हाला नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. तरी कुठलाही टार्प दुपारभर सावलीसाठी ताणून ठेवू नकोस. आपलं ऊन पातळ कापड खातं. सावलीला कडुलिंबाचं झाड बघ.

घेताना दोन गोष्टी तपास. पहिली म्हणजे पाण्याचा दाब किती मिलिमीटरपर्यंत सहन होतो तो आकडा. १५०० किंवा त्याच्या वर असला की बास, पाच-दहा हजारांच्या आकड्यांच्या मागे लागू नकोस. दुसरी म्हणजे मधली शिवण. सिलिकॉन लावलेल्या कापडाला शिवणीवर पट्टी चिकटत नाही, त्यामुळे बरेच टार्प शिवण न भरताच येतात. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन घे, टर्पेंटाइनमध्ये पातळ कर, जुन्या ब्रशने शिवणीवर दोन्ही बाजूंनी लाव आणि दिवसभर मोकळ्या हवेत वाळू दे. एवढं केलं नाहीस तर पहिलं टिपूस नेमकं नाकावर पडेल.

माप आठ बाय दहाच का? दहा फुटांच्या लांबीत तुझी उंची बसून डोक्याशी आणि पायाशी दोन-दोन फूट राहतात. तिरपा पाऊस तिथपर्यंत आत येणारच हे धरून चालायचं. पाच बाय नऊचे चिमुकले टार्प मिळतात, ते पावसाचा आणि स्वतःचा अंदाज पक्का असलेल्यांसाठी. पुढे कधी दोघं जाणार असाल तर दहा बाय दहा घे. सगळ्या कडांना मिळून निदान बारा-सोळा फास हवेत, मधल्या शिवणीच्या दोन्ही टोकांना तर हवेतच.

आकाराचं म्हणशील तर, कडा आत वळवून कापलेला टार्प पटकन ताठ बसतो आणि वाऱ्यात फडफडत नाही, पण तो एकाच पद्धतीने उभा राहतो. सपाट टार्पला शिकावं लागतं. तुझ्या वाटेवर एक रात्र उघड्या माळावर असेल, दुसरी ओढ्याकाठच्या झाडीत, तिसरी एखाद्या मंदिराच्या ओट्याशेजारी. सपाट कापड तिन्ही ठिकाणी वेगळं बांधता येतं. दोन काठ्यांवर दुपाखी छपरासारखं, वारा एकाच बाजूने असेल तर ती कड जमिनीला टेकवून पडवीसारखं, आणि वारा फारच असेल तर मागची बाजू जमिनीला, पुढे एकच काठी. वेगळं काही शोधायला नको, आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची कोपी बघ, मेंढपाळांचं पाल बघ. कणा, दोन उतार, कडेला दगड. त्यांच्यावर सहा-सहा महिने तशा आडोशात काढायची वेळ येते आणि आपण चार रात्री हौसेने काढतो, याची जाणीव ठेवून त्यांच्याकडून शिकावं. एखादा मेंढपाळ वाटेत भेटला तर रामराम घाल आणि वारा रात्री कुठून फिरतो ते विचार. त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक नसतं.

झाडांवर भिस्त ठेवू नकोस. माळावर दोन झाडं हव्या त्या अंतरावर कधीच नसतात. चालायच्या दोन काठ्या ने. दुपाखीसाठी पुढची एकशे दहा-पंधरा सेंटिमीटर, पायाकडची नव्वदच्या आसपास. पाऊस दिसला की दोन्ही कमी करायच्या.

आता जमीन. टार्पचा अर्धा प्रश्न जमिनीचा असतो. काळी माती आपली माय खरी, पण तिच्यावर झोपू नये. ओली असताना खुंटी लोण्यात घुसावी तशी घुसते आणि तशीच बाहेर येते, बुटाला दोन-दोन किलो चिखल चढतो. कोरडी झाली की भेगा पडतात, आणि भेगांमध्ये कोण राहतं ते तुझ्या आईला विचार. सोयाबीन काढलेलं रान मोकळं दिसतं म्हणून भुलू नकोस. मुरमाड, किंचित उताराचा माळ शोध. पाणी थांबत नाही, चिखल होत नाही. मात्र मुरमात बोटभर खाली खडक लागतो. वाकड्या तारेच्या हलक्या खुंट्या तिथे दुमडतात. सहा-आठ खुंट्या वाय आकाराच्या ॲल्युमिनियमच्या घे, आणि खुंटी जाणारच नाही तिथे दगड वापर. दोरीच्या टोकाला वीतभर काटकी आडवी बांध, काटकी एका दगडामागे अडकव, वर दुसरा मोठा दगड ठेव. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर बेसॉल्टच्या धारेवर रात्रीत कातरते. दोन मिलिमीटरची, उजेडात चमकणारी दोरी घे, पंधरा मीटर पुरेल. रात्री लघवीला उठल्यावर तिच्यात पाय अडकणार नाही.

पण दगड उचलताना आधी पायाने किंवा काठीने उलटव, मग हात लाव. लाल विंचू दगडाखालीच असतो. सकाळी बूट झटकूनच घालायचे, आणि रात्री ते मच्छरदाणीच्या आत, पायाशी ठेवायचे.

आता आईकडे येऊ. तिची भीती खोटी नाही आणि तिला "काही होत नाही" असं सांगू नकोस. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आहेत. त्यातली मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावल्याच्या घटना होतात. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते, त्यामुळे माणसाला उठून कळतही नाही. म्हणून नुसता टार्प आणि खाली प्लास्टिकचा कागद असं झोपणं मी तुला सांगणार नाही, कितीही लोकांनी तसं झोपून दाखवलेलं असो. तळ आणि जाळी एकमेकांना शिवलेली, तळाच्या कडा वीतभर वर आलेल्या, चेन पूर्ण बंद. आत शिरताना बॅटरीने कानाकोपरा बघायचा आणि शिरलं की लगेच चेन लावायची. रात्री बाहेर पडायचं ते बूट घालून, उजेड पाडून. खरकटं आणि धान्य टार्पखाली ठेवायचं नाही, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरामागे साप. दाट गवत, दगडांचा ढिगारा, पडका वाडा, पाचटाचा ढीग यांच्यापासून लांब. आणि समजा चावलंच, तर बांधणं, चिरणं, मंत्र यात एक मिनिटही घालवायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या सरकारी दवाखान्यात पोचायचं. म्हणूनच मुक्काम असा निवड की हाकेच्या नाही तरी अर्ध्या तासाच्या अंतरावर वस्ती असेल आणि फोनला रेंज असेल. आईला हे सगळं सांग. मच्छरदाणी आली की अंगणात लावून तिला आत बसव आणि चेन तिच्या हाताने लावून घे. माझ्या शब्दांपेक्षा त्याने तिचा जीव थाऱ्यावर येईल.

दिवाळीनंतरच्या निरभ्र रात्री दहिवर फार पडतं. टार्प नसेल तर झोपायची पिशवी सकाळी पिळून काढावी इतकी ओली होते. टार्पखाली ती कोरडी राहते, आणि तंबूत श्वासाची जी वाफ आतून ठिबकते तीही बाजू उघड्या असल्यामुळे फार साचत नाही. या बाबतीत टार्प तंबूपेक्षा सरस आहे. फक्त ओढ्याच्या तळाशी किंवा दरीच्या खोलगट जागी झोपू नकोस, गार हवा रात्री तिथे उतरून बसते. वीस-तीस फूट वर चढलास तरी फरक कळतो. थंडी हलकी समजू नकोस. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होणं आपल्याला नवीन नाही, आणि डोंगरावर उघड्यावर वारा असतो. टार्प ऊब देत नाही, ऊब तुझ्या पिशवीची आणि खालच्या चटईची. पैसे उरले तर चटईवर घाल.

टार्प कशाला पुरत नाही तेही ऐक. गारांना पुरत नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली तिने उभी पिकं झोपवली आणि जनावरं मारली, तिच्यापुढे हे कापड म्हणजे कागद. विजेला तर मुळीच पुरत नाही. परतीचा पाऊस लांबला आणि ढग गडगडायला लागले की टार्प गुंडाळायचा आणि पक्क्या इमारतीत जायचं. शाळेचा व्हरांडा, मंदिराचा सभामंडप, कुणाचं घर, काहीही. एकट्या झाडाखाली किंवा पठाराच्या धारेवर थांबायचं नाही. उन्हाळा आणि ऐन पावसाळ्यात हा उद्योग करूच नकोस. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस आपले. फेब्रुवारीत गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, तेव्हा शेकोटी नाही आणि स्टोव्ह टार्पखाली तर कधीच नाही. हे कापड जळण्याआधी वितळतं आणि अंगावर ठिबकतं.

जागेची परवानगी हा भाग थोडक्यात. गायरान असो की कुणाचा बांध, जवळच्या वस्तीवर विचारल्याशिवाय पथारी टाकू नकोस. विचारलंस तर बहुतेक जण जागाच दाखवतील आणि भाकरीही देतील. पिकाभोवती रानडुकरांसाठी झटका मशीनची तार असते, तिला दोरी बांधणं सोड, अंधारात तिच्या जवळूनही जाऊ नकोस. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत रात्री राहता येत नाही. येडशीच्या रामलिंग घाटात किंवा गौताळ्यात, म्हणजे अभयारण्यांत, वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. कपिलधारला कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींची यात्रा असते, तुझे दिवस तिच्या जवळ आले तर तिथे टार्प बांधायला कोपरा मिळणार नाही. पण दिंडीतल्या लोकांत झोपायला मिळेल, आणि ते जास्त चांगलं.

आता आजपासून काय करायचं ते. टार्प हलका असतो कारण तंबूने करायचं निम्मं काम तो तुझ्या हातांवर टाकतो. ते हात तयार नसतील तर तीस हजारांचा डायनीमाही भिजवेल. म्हणून विकत काही घेण्याआधी घरातली ताडपत्री काढ, सोयाबीनची गंजी झाकायची. ती दोन काठ्यांवर शेतात बांध. फास नसतील तिथे आपले लोक करतात तेच कर. गोल गुळगुळीत खडा कापडात धरायचा आणि त्याच्या मानेला दोरी आवळायची. हीच युक्ती पुढे टार्पचा एखादा फास तुटला तर डोंगरातही कामी येईल. दोनच गाठी शीक. एक न सरकणारा फास, कापडाच्या बाजूला. दुसरी, ट्रॅक्टरवर कडबा आवळताना दोरीच्या मध्ये फास घेऊन त्यातून टोक ओढतात ती, जमिनीच्या बाजूला. ती घरात कुणाला तरी येतच असेल. डोळे मिटून आल्या पाहिजेत, कारण ज्या रात्री लागतील त्या रात्री बॅटरी तोंडात असेल आणि बोटं गारठलेली. मग पाऊस पडत असताना बांध, खाली वर्तमानपत्रं पसर आणि तासाभराने कुठली ओली झाली ते बघ. ओलं कोपऱ्यात असेल तर काठी कमी कर, मध्ये असेल तर ताण कमी पडलाय, एकाच बाजूला असेल तर वाऱ्याकडे चुकून तोंड केलंयस. तीन-चार पावसांत हाताला कळायला लागेल.

तुझं पत्र भाद्रपदात आलंय, पाऊस अजून आहे. सोयाबीन काढणीला आलं की ताडपत्री घरच्यांना लागेल. त्याआधीचे दोन-तीन आठवडे तुझे.